पुरातलं घर सरकार घेईल का?

प्रश्न : आमचा वाडा नागरवाड्यात, विश्वामित्री नदीकडच्या उतारावर. सासऱ्यांच्या आजोबांनी बांधलेला. २०१९ साली पाणी ओटल्यापर्यंत आलं होतं. २०२४ च्या ऑगस्टात माजघरात छातीइतकं. तीन दिवस आम्ही माडीवर होतो आणि खाली जिन्यापाशी गॅसचं सिलिंडर तरंगत भिंतीवर आपटत होतं, रात्रभर. मुलगा नॉर्थ कॅरोलायनात असतो. तो म्हणतो, तिकडे सारखी बुडणारी घरं सरकारच विकत घेतं, तेही पुराआधीच्या भावाने. धाकटे दीर म्हणतात, नदीचं एवढं काम चाललंय, थांबा, आपलंही घेतील. आणि एक बिल्डर दर पंधरा दिवसांनी चहाला येतो. काय करावं?
– एक वाचक भगिनी, वडोदरा

ताई, आधी बिल्डरचं सांगतो. चहा द्या, कागद देऊ नका. पूर ओसरल्यावर भिंतीची ओल सुकेपर्यंत घराचा भाव पडलेला असतो आणि तेव्हाच ही मंडळी ओटल्यावर बसायला येतात. घर विकायचंच झालं तर होळीनंतर बोला, चिखलाचा वास गेल्यावर.

आता मुलाचं. तो म्हणतो ते खरं आहे, पण अर्धं. तिकडच्या आपत्ती निवारणाच्या खात्याचं नाव फेमा (आपल्याकडे फेमा म्हटलं की परकीय चलनाचा कायदा डोळ्यांपुढे येतो, तो हा नव्हे). घर विकत घ्यायला केंद्राकडून साधारण ७५ टक्के पैसे येतात, उरलेले राज्याने किंवा गावाने घालायचे. घरमालकाला थेट अर्ज करता येत नाही, गावाने त्याच्या वतीने करायचा. जबरदस्ती नाही, मालक ‘नको’ म्हणाला की विषय संपला. भाव पुराआधीचा देता येतो, पण त्याच नुकसानीपोटी विमा किंवा दुसरी मदत मिळाली असेल तर वजा होते. व्यवहार झाला की ९० दिवसांत घर पाडायचं आणि ती जमीन कायमची मोकळी ठेवायची. बाग करा, मैदान करा, पुन्हा घर नाही. हे सगळं व्हायला वर्षं लागतात. तोवर मालक त्याच ओल्या घरात राहतो, नाहीतर भाड्याने.

मुलाला म्हणावं, तू राहतोस त्याच राज्यात दोन गावं आहेत, कधी सुट्टीत बघून ये. एक किन्स्टन. तिथे न्यूस नदीकाठी लिंकन सिटी नावाची कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती होती. १९९६ आणि १९९९ अशा दोन वादळांनंतर सरकारने तिथली घरं विकत घेतली, लोक दुसरीकडे गेले, वस्ती उरली नाही. दुसरं प्रिन्सव्हिल, टार नदीवर. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेलं, १८८५ पासून रीतसर नगर. १९९९ च्या पुरात अख्खं बुडालं. सरकारने विकत घेण्याचा पर्याय पुढे ठेवला. गावाच्या पंचांनी मत घेतलं, तीन विरुद्ध दोन, आणि ठरवलं की जायचं नाही, बांध दुरुस्त करून घ्यायचा. २०१६ साली पुन्हा पाणी आलं.

यातलं शहाणं कोण, मला ठरवता येत नाही. नागरवाड्यातल्या माणसाला तर मुळीच येऊ नये. पण एक पाहा: दोन्हीकडे निर्णय एका घराचा नव्हता. तुम्ही गेलात आणि शेजारचे राहिले, तर वस्ती दात पडलेल्या तोंडासारखी होते. मध्ये मोकळा प्लॉट, त्यात कचरा, आणि राहिलेल्यांच्या घराचा भाव आणखी खाली.

जुन्या वस्तीचा आणखी एक पेच असतो. मेरीलँडमधलं एलिकॉट सिटी, १७७२ चं गाव. २०१६ आणि २०१८, दोन वर्षांत दोनदा मुख्य रस्त्यावरून नदी वाहिली. आधी ठरलं, खालच्या अंगाच्या १० इमारती विकत घेऊन पाडायच्या, पाण्याला वाट करून द्यायची. लोक चिडले. २०१९ मध्ये आकडा ४ वर आला आणि पाण्यासाठी डोंगरातून बोगदा काढायचं ठरलं. म्हणजे इतिहासाची किंमत बोगद्याने चुकवायची. ते ज्याला परवडतं त्याने करावं.

आता आपल्याकडे या. ‘माझं घर बुडतं, घ्या’ म्हटल्यावर सरकारने घ्यावं, अशी कायमची योजना आपल्याकडे नाही. दिरांना हे स्पष्ट सांगा. आपल्याकडे आहे तो २०१३ चा भूसंपादन कायदा, आणि तो तुमच्या इच्छेवर चालत नाही. सरकारला नदीच्या किंवा रस्त्याच्या कामाला जागा हवी असेल तरच. तेव्हा शहरात बाजारभाव आणि त्यावर तेवढंच दिलासा म्हणून, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट. बाजारभाव ठरवताना जंत्री (सरकारी दरपत्रक) आणि आसपासचे झालेले दस्त, दोन्ही बघतात, जास्त असेल तो धरतात. दस्तांतही जास्त भावाच्या निम्म्या दस्तांची सरासरी काढतात, म्हणून शेजाऱ्याने घाबरून पडत्या भावात केलेल्या एखाद्या दस्ताने लगेच तुमचे पैसे बुडत नाहीत. गुजरातेत जमिनीची जंत्री २०११ नंतर थेट २०२३ च्या एप्रिलात दुप्पट झाली, तेवढं तरी बरं झालं. आणि घर पुरात पूर्ण पडलं तर आपत्ती निधीच्या २०२२ च्या निकषात मैदानी भागाला १,२०,००० रुपये. सागवानाचा एक खांब बदलायला काय पडतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी चौतीस वर्षं सिटी सर्व्हेच्या कामात फीत ओढली आहे, तेव्हा माझं खरं दुखणं सांगतो. तुमच्या पत्रात वाडा ‘सासऱ्यांच्या आजोबांनी’ बांधला आहे. प्रॉपर्टी कार्डावर आज नाव कुणाचं? तेच असेल तर बिल्डर, सरकार, अमेरिका, सगळं बाजूला ठेवा. माझ्या सख्ख्या चुलत्यांचं वाडी भागातलं घर रस्तारुंदीत गेलं. मी स्वतः मोजणीत उभा होतो, साखळीचं टोक माझ्या हातात. कार्डावर पणजोबा. वारस निघाले सतरा, त्यातला एक कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. पैसे मंजूर झाले आणि जमा होऊन पडून राहिले. काकू औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन विचारायच्या, ‘अरे, आलं का काही?’ काकू गेल्या तेव्हाही ते जमाच होते. घरातल्या घरात सर्व्हेचा माणूस असून ही तऱ्हा.

तिकडेही हेच. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांत घर मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं, पूर आला की मदतीच्या अर्जाला खरेदीखत कुठून जोडणार? अर्ज परत. २०२१ साली फेमाने मदतीसाठी ती कागदांची अट सैल केली. आपली कचेरी सैल होईल याची वाट बघू नका. या दिवाळीत सगळे जमतील तेव्हा वारसाईची नोंद काढायला घ्या, आणि ज्या नणंदांना हिस्सा नको असेल त्यांच्याकडून ‘हक्क कमी’चा (म्हणजे हक्कसोडीचा) दस्त रजिस्टर करून घ्या. तोंडी ‘मला काही नको गं’ याला कचेरीत किंमत नाही. आणि नणंदेला हिस्सा हवा असेल तर तेही तोंडावर ऐकून घ्या, तिचा हक्कच आहे.

दुसरं काम सोपं आहे. पुराची खूण भिंतीवर अजून दिसत असेल, नव्हे दिसतेच, चुना कितीही मारा. तिच्याशेजारी टेप लावून फोटो काढा, आकडा वाचता आला पाहिजे. पाणी चढत असताना काळ्या घोड्याच्या पुलाजवळची विश्वामित्रीची पातळी मोबाइलवर येत असते. धोक्याची पातळी २६ फूट, २०२४ मध्ये पाणी ३५ च्या वर गेलं. तुमच्या पहिल्या पायरीला पाणी लागतं तेव्हा पुलाजवळ किती असतं, हे वहीत लिहून ठेवा. आमच्याकडे ही वही आहे. तिच्यामुळे २०२४ ला फ्रीज आणि देव दोन्ही वेळेवर माडीवर गेले. (देव आधी, असं सौभाग्यवतींनी लिहायला सांगितलं आहे.)

विमा नसेल तर ‘भारत गृह रक्षा’ विचारा. २०२१ पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे ही एकसारखी पॉलिसी आहे, पूर त्यात येतो. वाड्याचं बांधकाम काय प्रकारचं आहे ते फॉर्मात खरं लिहा, माती-लाकूड असेल तर तसंच.

आणि थांबायचं की विकायचं? मी तुमच्या जागी असतो तर कार्डावर नाव चढेपर्यंत दोन्ही केलं नसतं. चढल्यावर गल्लीतल्या चार-सहा घरांशी बोलून, जायचं तर मिळून गेलो असतो.

प्रश्न : वरच्यासारख्याच एका वाड्यात आम्ही दोन खोल्यांत एकोणीस वर्षं भाड्याने राहतो. वाडा सरकारने घेतला तर पैसे मालकाला. आम्ही कुठे जायचं?
– एक भाडेकरू, वडोदरा

दादा, या विषयात सगळे मालकाचंच विचारतात, तुम्ही बरं विचारलंत. अमेरिकेत घर विकणं मालकाच्या मर्जीवर असलं तरी भाडेकरूची मर्जी कुणी विचारत नाही, म्हणून १९७० च्या एका कायद्याने त्याला दुसरीकडे हलण्याचा खर्च मिळतो. आपल्या २०१३ च्या कायद्यात शहरी भागात संपादनाआधी तीन वर्षं किंवा जास्त तिथे राहणारं कुटुंब बाधितांत धरलं आहे. मालकाने बिल्डरला खाजगीत विकलं तर मात्र हा कायदा लागू होत नाही, तिथे भाडे कायदा आणि तुमची पावती.

मालक पावती देत नसेल तर या महिन्यापासून भाडं बँकेतून पाठवा. लाइटबिल, रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, जेवढे जुने सापडतील तेवढे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. आणि ती पिशवी कपाटाच्या खालच्या खणात नको, वरच्या मजल्यावर कुणाकडे तरी.