पाय निघत नाही, म्हणून पळून जाऊ का?

*ताई, मी नाशिकची, वय २९, पाणीपुरवठ्याच्या कामातली इंजिनिअर. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमातून वर्षभरासाठी युगांडाला, बिदी बिदीच्या निर्वासित वसाहतीत निघाले आहे. महिना उरलाय. शाळेपासून आम्ही तिघी. एकीला सातवा महिना आहे. दुसरीने बोलणंच टाकलंय. मैत्रिणी, ऑफिसवाले सगळेच असलेल्या ग्रुपवर बातमी टाकली तेव्हा तिने एवढंच लिहिलं, "आपल्याच जिल्ह्यात, पेठ-सुरगाण्यात बायका पाण्यासाठी विहिरीत उतरतात, ते दिसलं नाही का?" ऑफिसवाले मोठा सेंड-ऑफ ठरवतायत. मला सगळ्यांसमोर रडू येईल. तिकडच्या लोकांनी घरदार गमावलंय, त्यापुढे हा रुसवा किती क्षुल्लक, असंही वाटतं. गुपचूप निघून जाऊ का? तिचा डबासुद्धा अजून माझ्याकडेच आहे.*
*— पाय न निघणारी*

अगं, गुपचूप कशी जाशील? ऑफिसने हॉल बघायला घेतलाय!

आधी त्या रुसलेल्या मैत्रिणीचं बोलू, कारण तुझ्या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे. तिचा प्रश्न खोटा नाही. पेठ-सुरगाण्याच्या उन्हाळ्यात काय होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण ही गोष्ट तिला पहिल्यांदा ग्रुपवर कळली, हे तुला पत्र लिहितानाही खटकलं नाही? वीस वर्षांची मैत्रीण आणि ऑफिसातला अकाउंटंट, दोघांना एकाच मिनिटाला एकच मेसेज. मी असते तर मीही विहिरीचंच काढलं असतं. "मला आधी का नाही सांगितलंस" हे म्हणायला फार धीर लागतो, त्यापेक्षा सुरगाणा सोपा.

तेव्हा तिच्यापुढे तिकडची गरज किती मोठी आहे, याचं भाषण नको. २०१६ मध्ये ती वसाहत सुरू झाली, दक्षिण सुदानमधून पळून आलेली दोन लाखांच्या आसपास माणसं तिथे राहतात, हे सगळं खरं आहे आणि तिला ते गुगलवर मिळेल. तिला जे मिळणार नाही ते सांग. "तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मला जायचंय. आणि तुला आधी सांगायला हवं होतं, ते चुकलं." बस. त्यागाचा आव आणू नकोस. राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो तुला, आणि नवा देश बघायची हौसही आहे. असू दे की.

आणि निर्वासितांच्या दुःखाशी मैत्रिणीचा रुसवा तोलू नकोस. तो तराजू हातात घेतला की इकडचं प्रत्येक माणूस तुला क्षुल्लक वाटायला लागेल, आणि तिकडे गेल्यावर एका रात्री याच क्षुल्लक माणसांची आठवण येऊन झोप लागणार नाही. माझी एक मैत्रीण १९८४ मध्ये अमेरिकेला गेली. कशावरून तरी भांडण झालं होतं, म्हणून मी तिला मुंबईच्या सहार विमानतळावर पोचवायला गेले नाही. भांडण कशावरून ते आज दोघींनाही आठवत नाही. मी गेले नव्हते, हे मात्र दोघींना आठवतं.

आता जिला सातवा महिना आहे ती मैत्रीण. तिचं डोहाळजेवण तुला गाठता येईल. तारीख तिच्या सासरच्यांना आत्ताच विचार, जमलं तर एखादा पदार्थ तू कर. बारशाला तू नसशील, हे तिला तोंडाने सांग. "व्हिडिओ कॉल करू गं" म्हणून उडवून लावू नकोस. तू परत येशील तेव्हा बाळ धरून उभं राहायला लागलेलं असेल. रोज फोन करायचं वचनही देऊ नकोस, पाळलं जाणार नाही. युगांडा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तिकडचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे इकडचे नऊ. आठवड्यातला एक वार ठरवा. तेवढं पुरतं.

ऑफिसचा सेंड-ऑफ होऊ दे. तिथे रडू येत नाही, तिथे फोटो काढतात. मात्र त्यालाच निरोप समजू नकोस. आपली "येते हं" म्हणून निघायची रीत गोड आहे, पण तीस जणांत "येते हं" म्हणत फिरलं की कोणालाच काही न सांगता बाहेर पडता येतं, हाही तिचा एक उपयोग आहे. तुला तो बरोबर सुचलेला दिसतो.

एक कोरडी सूचना. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचं कार्ड युगांडात उतरताना आणि भारतात परत येतानाही लागतं. लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. त्यात बॅगा, बँक, आईचं मुखत्यारपत्र. शेवटचे पंधरा दिवस असे जातात, म्हणून माणसांच्या भेटी या पंधरवड्यातच उरक.

रडू आलं तर? येऊ दे. दोघींपुढे रडायला काय हरकत आहे?

आणि तो डबा. भरलेला आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हे तुझ्या आईने तुला शिकवलंच असेल. तिला काय आवडतं ते तुला माहीत आहे. येत्या रविवारी कर, आणि फोन न करता तिच्या दारात जा.