नव्या डिजिटल पियानोची एकच की जोरात वाजतेय? उघडू नकोस
भावा, आधी सेटिंगमध्ये टच सेन्सिटिव्हिटी (दाबण्याच्या जोराप्रमाणे आवाज कमी-जास्त होणं) बघ, फॅक्टरी रिसेट मार आणि साउंड बदलून तीच की परत वाजव. तरी तसंच असेल तर यूएसबीने लॅपटॉपला जोड आणि मिडी व्हेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात दाबली त्याचा आकडा बघ, तो १ ते १२७ मध्ये येतो, शेजारच्या की हळू दाबल्यावर ३०-४० दाखवतात आणि ही एकटीच दरवेळी १२७ मारते म्हणजे खालच्या रबर कॉन्टॅक्टचा लोचा आहे. प्रत्येक कीखाली दोन किंवा तीन सेन्सर असतात, ते एकामागोमाग किती वेळाने लागले त्यावरून मशीन जोर ठरवतं, मध्ये कचरा गेला की हिशोब चुकतो. साफ केल्यावर बऱ्याचदा नीट होतं, पण नव्या पीसला तू स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही, वॉरंटी जाऊ शकते. सांगलीत आहेस म्हणून मिरजेच्या सतारवाल्यांकडे पण नेऊ नकोस, तारवाद्यात ती देवमाणसं आहेत, पण हे काम सर्किटचं.

बोट आणि स्क्रीनवरचा आकडा एकत्र दिसेल असा व्हिडिओ काढ, बिल आणि खोका जपून ठेव, दुकानदाराला आजच कळव, आणि रिपेअर नको, पीस बदलून द्या असं स्पष्ट म्हण. 'वाजवून वाजवून मोकळी होईल' म्हणतील, अजिबात ऐकू नकोस.