अमेरिकेत घरामागची, उंचावरची माती अडवणारी ३ फुटी लाकडी भिंत कुजली आहे. पुन्हा लाकडाचीच बांधावी का?

नको, काँक्रीटचे रचायचे ब्लॉक घ्या. मी हेच काम करतो. जुनी भिंत काढली की मागे बहुतेकदा चिकट, ओली माती निघते, खडीचा पत्ताच नसतो. लाकूड कुजतं ते या अडकलेल्या पाण्यानं, आणि तेच पाणी उद्या ब्लॉकही पुढे ढकलेल. म्हणून पैसा मागच्या बाजूला घाला: तळाशी भोकांचा पाइप, फूटभर रुंद खडी, खडी-मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. पहिला थर जमिनीत गाडा. खणण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या तारा-पाइप कुठे आहेत ते खुणा करून देतात, फुकट आहे. जुनी भिंत रेल्वे स्लीपरची निघाली तर ते जाळू नका, त्यात क्रिओसोट हे लाकूड टिकवणारं विषारी तेल असतं. मात्र पायाच्या तळापासून उंची ४ फुटांवर गेली, किंवा भिंतीमागच्या वरच्या जमिनीवर गाडी उभी राहणार असेल, तर बहुतेक ठिकाणी परवाना लागतो.