कापूस एक, अलंकार सात

'सम, सारखा, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, की दिसलं की उत्प्रेक्षा' ही यादी तू पाठ केलीस, तरी सरावाच्या प्रश्नपत्रिकेत दोन-तीन अलंकार चुकतातच, असं तू लिहिलंस. 'अमृताहूनी गोड नाम तुझे देवा' हा व्यतिरेक का, आणि एकनाथांच्या भारुडातलं रूपक नि व्याकरणातलं रूपक एकच का, हेही विचारलंस. परभणी जिल्ह्यात तीस वर्षं मराठी शिकवलं. माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणतो.

ती यादी काही दिवस बाजूला ठेव. ज्याच्याविषयी बोलायचं ते उपमेय, ज्याच्याशी ताडून पाहायचं ते उपमान, एवढं धर. मग प्रत्येक ओळीला एकच विचार: या दोघांमध्ये अंतर किती उरलं?

आमच्या वर्गाच्या खिडकीतून कापसाचं रान दिसायचं. दिवाळीच्या सुमारास बोंडं फुटली की पुस्तक मिटून पोरांना तिकडं बघायला लावायचो. कापूस हे उपमेय, चांदणं हे उपमान.

'कापसाचं रान चांदण्यासारखं पांढरंशुभ्र दिसतंय.' दोघं शेजारी उभे आहेत, पण वेगवेगळे. पांढरेपणा हा दोघांतला समान गुण, 'सारखं' हा जोडणारा शब्द. ही उपमा. 'रानात जणू चांदणंच उतरलंय' म्हटलं की कल्पना सरकली. चांदणं उतरलेलं नाही हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, तरी तो तसं मानून बघतोय. ही उत्प्रेक्षा. 'हा कापूस, की चांदणं?' इथं मन खरोखर दोन्हींत हेलकावतं, निकाल लागत नाही, म्हणून ससंदेह. आता बघ, तुझ्या यादीत 'की' उत्प्रेक्षेखाली आहे, आणि इथंच पोरं फसतात. आणि जोडी उलटी करून, म्हणजे चांदणं उपमेय नि कापूस उपमान धरून बघ: रात्री चांदण्याचा कवडसा बघून म्हातारी 'कापूस सांडला' म्हणत वेचायला वाकली, तर तिचा संशयही संपला, चुकीची खात्रीच झाली. तो भ्रांतिमान.

'पऱ्हाटीवरचं हे कापसाचं चांदणं बाया ओटीत वेचतायत.' सारखं नाही, जणू नाही. कापूस आणि चांदणं एकच झाले, म्हणून तर चांदणं वेचता येतंय. हे रूपक. 'हा कापूस नव्हेच, चांदणं आहे हे', इथं उपमेयाला चक्क नाकारलं, म्हणून अपन्हुती. पण हा नकार 'नाही, नव्हे' याच शब्दांनी येतो असं नाही. 'कापूस कसला, चांदणंच हे' अशा प्रश्नातूनही तो येतो. 'या कापसापुढं चांदणंही मळकट' म्हटलं की उपमेय उपमानाच्या वर गेलं. हा व्यतिरेक.

आता तू विचारलेली 'अमृताहूनी गोड' ही नामदेवांची ओळ घे. आपल्या हिंगोलीकडच्या नरसीला नामदेवांचं गाव मानतात. गोडीसाठी अमृताहून मोठं उपमान मराठीत शोधून सापडायचं नाही, आणि नाम त्याच्याही वर ठेवलंय. 'अमृतासारखं गोड' असं असतं तर उपमा झाली असती. 'हूनी' या प्रत्ययानं सगळा अलंकार पालटला. ज्ञानेश्वरांनी मराठी बोल 'अमृतातेंही पैजां जिंके' म्हटलं, तिथंही हाच व्यतिरेक आहे.

एक खबरदारी. 'सारखा' दिसला म्हणजे उपमा झालीच असं नाही. 'धाकटा थोरल्यासारखा उंच आहे' ही नुसती माहिती. 'गवय (गाईसारखं दिसणारं रानटी जनावर) गाईसारखा असतो' हे जुनं वाक्यही शास्त्रकार उपमा मानत नाहीत, कारण त्यात मनाला सुखावणारं काही नाही. अलंकाराला चमत्कृती लागते.

भारुडाविषयी. पैठणच्या एकनाथांचा विंचू आपल्याकडं गावोगाव गायला जातो. त्यातला विंचू म्हणजे काम-क्रोध, तमोगुण मागं सारणं हा उतारा, सत्त्वगुण हा लावायचा अंगारा. एकेका अवयवाला अर्थ दिलाय. व्याकरणातलं रूपक एका ओळीत मिटतं. भारुडात तेच रूपक सगळ्या रचनेवर पसरतं. जात तीच, विस्तार मोठा. असं सगळ्या अंगांनी चालवलेलं रूपक म्हणजे सांगरूपक. नाटकालाही संस्कृतात 'रूपक' म्हणतात, तो अर्थ मात्र निराळा. त्याची इथं सरमिसळ करू नकोस.

शब्दालंकार की अर्थालंकार हे ओळखायला शब्द बदलून बघ. 'यंदा कापसाला भाव नाही आणि माणसाच्या बोलण्यातही नाही' यात 'भाव'च्या जागी 'दर' घाल, गंमत गेली. म्हणजे श्लेष (एकाच शब्दाचे दोन अर्थ) शब्दावर उभा होता, म्हणून तो शब्दालंकार. शब्द बदलूनही गंमत टिकली तर अर्थालंकार. अनुप्रास, यमक कानानं कळतात, त्यांच्यात वेळ घालवू नकोस.

तू गेवराईकडची म्हणालीस. तुझ्याकडं ऊस आहे. उसाचं पातं हे उपमेय घे, तलवार हे उपमान. अंग कापणं हा समान गुण. या जोडीवर सातही वाक्यं लिही आणि इथं टाक. भ्रांतिमान जमायला जरा वेळ लागेल, तो शेवटी कर. मी एकेक वाचून सांगतो.