डेफिसिट कर, पण जिमच्या वाटणीचं खाणं नको कापू

अगं,

तुझ्या खाण्याच्या डायरीचे फोटो बघितले. दिवसाला ११०० कॅलरीज, आठवड्यातून पाच दिवस जिम, वर रोज दहा हजार स्टेप्स, आणि मग मलाच विचारतेस की ताई, स्क्वॉटला पाय का थरथरतात! ६२ किलोच्या, एवढी हालचाल असलेल्या मुलीला वजन आहे तिथंच ठेवायलाही साधारण २००० लागतात, त्यातले तू ९०० उडवलेस. डेफिसिट म्हणजे गरजेपेक्षा थोडं कमी खाणं, ३००-४०० काप, बास. वजन हळू उतरेल, उतरू दे.

पहिल्याच आठवड्यात दीड किलो गेलं म्हणून खूश आहेस, पण त्यात पाणीच जास्त. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे भात-पोळीतल्या कर्बोदकांचा साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी असतं, भात-पोळी एकदम तोडली की तो साठा खाली येतो आणि काटा पण. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरीज, आता कर हिशोब. आणि जड सेट मारताना शरीर मुख्यतः हेच ग्लायकोजेन वापरतं, त्यामुळे ५० किलोच्या स्क्वॉटचे सलग आठ रेप्स (आठ वेळा) मारणारी तू आता ४५ ला पाचव्यातच अडकतेस.

कापायचं कुठून ते बघ. भाकरी अर्धी केलीस पण तेलाचा डायरीत पत्ताच नाही! एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरीज, मूठभर शेंगदाणे दीडशेच्या पुढे, आणि संध्याकाळी सात वाजता भुकेनं जीव कासावीस झाल्यावर चिवड्याचा डबा उघडला जातो तो तर कुणीच लिहीत नाही (तू पण नाही लिहिलेला). तेल मोजून घाल, चहातली साखर कमी कर, भाकरी परत अख्खी घे, मग बघ सात वाजता डब्याकडे हात जातो का.

सकाळी नुसती ब्लॅक कॉफी ढोसून जिमला जाणं तुला झेपत नाहीये, ते बंद. निघायच्या अर्धा तास आधी एक केळं नाहीतर दोन-तीन खजूर खा, आल्यावर दोन अंडी आणि पोहे, पोटभर. पायांचा वर्कआउट असेल त्या दिवशी भात थोडा जास्त, सुट्टीला थोडा कमी, एकेका दिवसाचं टेन्शन घेऊ नकोस, आठवड्याची बेरीज जमली की झालं. आणि घड्याळ ४५० कॅलरीज जाळल्या म्हणालं तर ऐकून सोडून द्यायचं, त्या आकड्यावर जेवण ठरवायचं नाही.

प्रोटीन वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम धर, म्हणजे तुला शंभरच्या आसपास. वरणावर भागणार नाही गं, वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम. ५० ग्रॅम सुक्या सोया चंक्समध्ये २६, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, दोन अंड्यांत १२, बाकी दही-कडधान्यातून जमव. डेफिसिटमध्ये हे कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो.

एक विचारायचं राहिलं, पाळी वेळेवर येतीये ना? व्यायामाच्या मानानं खाणं फार कमी पडलं की पाळी लांबते, बंदही होते, हाडं कमजोर होतात, खेळाडूंमधल्या या प्रकाराला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली रेड-एस (म्हणजे खेळात शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलं. तसं काही असेल तर डेफिसिट त्याच दिवशी थांबव, डॉक्टरकडे जा, आणि मला डायरीचा फोटो नको, सरळ फोन कर.

तुझी ताई