‘सिद्धेश्वर’ वाचता येतं, मग ‘युद्ध’ का अडतं?

प्रश्न : बाई, माझा मुलगा आता चौथीत जाईल. शाळा मराठी माध्यमाची, घरी मात्र आम्ही तेलुगू बोलतो. मी घरी विड्या वळते, हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत. सुट्टी लागल्यापासून मी त्याला रोज दुपारी एक तास वाचायला बसवते. अक्षराला अक्षर जोडत वाचतो, जोडाक्षर आलं की थांबतो, शेवटी रडतो. सुटला की मोबाईल घेऊन बसतो. चौथीत मागे पडेल का? वाचनाची गोडी कशी लावू?
– एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : ताई, तो एक तास आजपासून बंद करा.

मुलगा आळशी नाही. अक्षर जुळवत वाचणाऱ्या मुलाची सगळी ताकद अक्षरं ओळखण्यातच जाते. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात डोक्यातून निसटलेली असते. मग गोष्टीतली गंमत त्याच्यापर्यंत पोचणार कशी? त्याला पंधरा मिनिटं पुरे झाली, पण ती रोज हवीत. सुट्टीचा दीड महिना वाचनच झालं नाही, तर जूनमध्ये जीभ पुन्हा जड झालेली असते. वर्गात हे मी दरवर्षी पाहिलं आहे.

रात्री तुम्ही किंवा त्याचे वडील एक-दोन पानं मोठ्याने वाचा. त्याने नुसतं ऐकायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही सूप मांडीवर घेऊन विडीची पानं कापायला बसलात, की पुस्तकातली तीच रात्रीची पानं त्याने तुम्हाला वाचून दाखवायची. गोष्ट आधीच कानावरून गेलेली असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार याचा अंदाज असतो, आणि वाचन सुटं होतं. तुमचे हात गुंतलेले असतात, कान मोकळेच असतात. माझ्या वर्गातली एक मुलगी असंच आईला वाचून दाखवायची. आईची कात्री थांबली की तिला कळायचं, गोष्ट रंगली. एकच पुस्तक चार-चार वेळा वाचलं तरी रागावू नका. त्यानेच वाचन पक्कं होतं.

आता जोडाक्षरांचं. एका मुलाची जीभ धड्यातल्या ‘युद्ध’वर हमखास अडायची. एकदा एसटी स्टँडजवळ त्याने ‘सिद्धेश्वर’ लिहिलेली पाटी न थांबता वाचली. सोलापूरच्या मुलाला सिद्धेश्वर कोण शिकवणार! देऊळ, तळं, गड्ड्याची जत्रा, सगळं त्याच्या ओळखीचं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर सिद्धेश्वर लिहिलं, ‘द्ध’ भोवती खडूने गोल काढला आणि खाली शुद्ध, बुद्धी, युद्ध लिहिलं. तो नुसता बघत राहिला, मग तिन्ही शब्द वाचले. तुमच्या भागात तर असा खजिनाच आहे. कन्ना चौकातला ‘न्ना’, जोडबसवण्णा चौकातला ‘ण्णा’, अक्कलकोटच्या गाडीवरचा ‘क्क’. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बाहेर पडाल तेव्हा त्याला पाट्या वाचू द्या, घरी आल्यावर तेच अक्षर पुस्तकात शोधू द्या.

तेलुगूची काळजी मनातून काढा. लिपी वेगळी असली तरी क, ख, ग, घ हा क्रम दोन्हीकडे तोच आहे. घरात अव्वा, म्हणजे आजी, असतील तर त्यांना रोज एक ‘अनगनगा’, म्हणजे ‘एकदा काय झालं’ अशी सुरू होणारी गोष्ट, सांगू द्या. गोष्टीत पुढे काय होणार याची ओढ ज्याला तेलुगूत लागली, त्याला ती मराठीतही लागते.

पुस्तक त्याचं त्यालाच निवडू द्या. हिराचंद नेमचंद वाचनालयात त्याला बरोबर घेऊन जा. एका पानावर पाचापेक्षा जास्त शब्द अडले तर पुस्तक सध्या जड आहे, ते ठेवून सोपं घ्या. पहिलीच्या मुलांचं वाटलं तरी चालेल. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोबाईल हातात असणारच असेल, तर त्यातली पंधरा मिनिटं अंकाला द्या, मात्र शेजारी बसून. सगळ्याच मुलांना राजा-राणी आवडत नाही, काहींना खरी माणसं हवी असतात. त्याला सांगा, द्वारकानाथ कोटणीस नावाचा आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेला डॉक्टर १९३८ मध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेला आणि १९४२ मध्ये तिथेच वारला. भैय्या चौकाजवळ त्यांचं घर आहे, ते दाखवून आणा. परत आल्यावर तो स्वतःच विचारील.

वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं मात्र लिहायला लावू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी प्रत्येक पुस्तकावर चार ओळी लिहून आणायला सांगायचे. मुलं शेवटचा परिच्छेद उतरवून आणायची, आणि काहींनी पुस्तक नेणंच सोडलं. ते मला आजही डाचतं.

जूनमध्ये शाळा उघडली की त्याच्या नव्या बाईंना एकदा भेटा. वर्गापुढे मोठ्याने वाचायचं असेल तर धडा आदल्या दिवशी सांगा, म्हणजे तो घरी वाचून येईल, एवढं त्यांना सांगून ठेवा.