लेक गावात वायफायचं जाळं उभारायचं म्हणतीये, करू द्यावं का?

नमस्कार दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी पुण्यात ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनीअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला, बरोबरीची पोरं हिंजवडीच्या नोकरीसाठी कोडिंगचे क्लास लावतायत आणि ही म्हणतीये मला भोरकडच्या आपल्या वाड्या मेश नेटवर्कने जोडायच्यात, तर यात पोट भरेल का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत, करू द्या. फक्त सबमिशनपुरतं नको, एक पावसाळा टिकेल असं करू द्या.

मेशमध्ये प्रत्येक राउटर शेजारच्याचा डेटा पुढे पाठवतो. टेबलावर तीन राउटर जोडणं अवघड नाही, त्यासाठी राउटरवर चालणारी ओपनडब्ल्यूआरटी आणि बॅटमॅन ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. खरा कस लागतो जाळं वाढवताना. एकाच रेडिओवर घेणं-देणं दोन्ही ठेवलं की दुसऱ्या टप्प्यालाच स्पीड निम्म्यावर येतो आणि चौथ्या-पाचव्या घरी काही उरतच नाही. म्हणून टेकडीवरून वस्तीपर्यंत ५ गिगाहर्ट्झची वेगळी लिंक, घरात २.४, आणि मोठ्या जाळ्याचे छोटे तुकडे, हे सगळं तिला आधीच आखावं लागेल. हे ज्याला जमतं त्याची टेलिकॉममध्ये, लोकल इंटरनेटवाल्यांकडे, वायफायची उपकरणं बनवणाऱ्यांकडे गरज असतेच. सीसीएनए हा सिस्को कंपनीचा नेटवर्किंगचा सर्टिफिकेट कोर्स जरूर करू दे, पण त्याआधी हे.

आता पावसाळा का म्हणतेय, तर मे महिन्यात देवळाच्या शिखरावरून समोरची वाडी स्वच्छ दिसते आणि लिंक झक्कास लागते, पण २ किलोमीटरच्या लिंकला मध्यावर, दोन्ही अँटेनांना जोडणाऱ्या रेषेच्या चारही बाजूंनी साधारण ५ मीटर जागा लागते आणि त्यातली बरीचशी मोकळी हवी. श्रावणात तिथेच आंब्याची ओली पानं आली की सिग्नल गेला! कनेक्टरमध्ये पाणी शिरतं ते वेगळंच.

आयआयटी मुंबईने पालघरच्या गावांत इंटरनेट पोचवायचा ग्राममार्ग प्रकल्प केलाय, स्पेनमधल्या कॅटालोनियात लोकांनीच २००४ पासून गुईफी नावाचं स्वतःचं जाळं उभं केलंय, दोन्ही तिला वाचायला सांगा. पैसे घेऊन वायफाय द्यायचं ठरलं तर पीएम-वाणी या सरकारी सार्वजनिक वायफाय योजनेत पीडीओला, म्हणजे वायफाय देणाऱ्या छोट्या केंद्राला, लायसन्स लागत नाही आणि सरकारकडे नोंदणीही लागत नाही.

तर सुरुवात तीनच राउटरने, देवळावर, शाळेवर आणि तुमच्या पत्र्यावर, सरपंचांना विचारून. रोजचा स्पीड, लाइट कधी गेली, लिंक कधी तुटली, सगळं वहीत लिहू दे आणि कॅम्पस इंटरव्ह्यूला ती वही बरोबर नेऊ दे. शिडी धरायला तेवढे तुम्ही थांबा, ओल्या पत्र्यावर तिला एकटीला चढू देऊ नका.